मधल्या खोलीतला आवाज

ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली आहे, आणि हवं तर तिला जाऊन विचारा. सांगेल की नाही, ते मात्र तिच्या मर्जीवर. रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम देत नाही. शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढं आहे, एवढं पुरे.

मी धसईच्या बाजारात भाजी विकणारा माणूस. भूतखेत म्हटलं की मी हसायचो.

आता हसत नाही.

समीक्षा डॉक्टर आहे. मुंबईच्या एका कॉलेजात, साथीच्या रोगांच्या विभागात पुढचं शिकते. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना आळीपाळीनं खेड्यात पाठवतात. यंदा दसऱ्यानंतर तिची पाळी आली आणि नेमकी खर्डीकडची आली. बाईला आभाळ ठेंगणं झालं. कारण तिची तान्ही लेक मनस्वी धसईला होती, तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या जनामावशीकडे. एक दिवसाआड ती स्कूटरवरून धसईला यायची, लेकीला पोटभर पाजायची आणि पहाटे परत जायची.

तेव्हाच डोंगरातल्या एका पाड्यावर ताप आला. कसला ताप, कुणाला कळेना. नमुने पुण्याला गेले होते. पाड्यावरचा कमळू आणि त्याची बायको गोदू, दोघांना रुग्णालयातल्या एका बंद खोलीत ठेवलं होतं.

समीक्षाचा जीव टांगणीला लागला. आपल्याला काही झालं तर झालं, पण हा ताप आपल्याबरोबर लेकीपर्यंत जायला नको. एवढी एकच धास्ती.

गोदूचं तान्हं बाळ आधीच तापानं गेलं होतं. तिला सांगू नका, असं कमळूनं सगळ्यांना हात जोडून विनवलं होतं. गोदूची छाती दुधानं ठणकायची आणि ती एकच म्हणायची, मला सोडा, पोर वाट बघते. आणि म्हणायची, तोंड तरी दाखवा गो बाई, तुमी सगळ्या सारख्याच दिसता.

तोंड कोण दाखवणार? सगळे पांढऱ्या किटमध्ये.

गोदू गेली. कमळूच्या शेजारची खाट रिकामी झाली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ते किट घालणं सोपं, काढणं अवघड. एक चुकीचा हात लागला की रोग अंगावर. म्हणून काढणारा कधीच आपल्या मनानं काढत नाही. खोलीबाहेर एक मधली खोली असते, तिला मोठी काच असते. काचेपलीकडे एक साथीदार उभा राहतो. तो एकेक पायरी मोठ्यानं सांगतो, काढणारा तेवढीच करतो. दमलेल्या माणसानं डोकं चालवायचं नाही, नुसतं ऐकायचं. विभागात पहिल्या दिवसापासून हेच अंगात मुरवतात.

समीक्षाची साथीदार होती आटगावची दिपिका सिस्टर.

त्या दिवशी दिवेलागणीची वेळ होती. समीक्षा कमळूला सलाईन लावून मधल्या खोलीत आली. आज धसईला जायचा दिवस होता. घामानं निथळत होती. तोंडावरच्या शिल्डवर वाफ धरलेली, काचेपलीकडचं काही दिसेना.

ती उभी राहिली. वाट बघत.

आणि आवाज आला...

"वरचे हातमोजे काढ."

तिनं काढले.

"हात धू."

तिनं धुतले.

शिल्ड, गाऊन, पायातली कव्हरं... नजर खाली हातांवर, एकेक पायरी बरोबर. कुठं चूक नाही, कुठं घाई नाही. दिपिका आज अरेतुरे का करतेय, एवढं मात्र तिच्या मनात आलं. थकली असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

मग आवाज म्हणाला...

"आता मास्क काढ."

मास्क सगळ्यात शेवटी. तोही बाहेर गेल्यावर, दार लावून. हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण हात ऐकायला शिकलेले. मास्कचा बंद कानामागून निघालासुद्धा.

गार हवा तोंडाला लागली.

"अशी दिसतेस व्हय गो..."

समीक्षा जागच्या जागी थिजली.

काच जाड होती. दिपिकाला रोज घसा फोडून ओरडावं लागायचं. हा आवाज हळू होता. अगदी जवळ होता.

आणि तो काचेकडून येत नव्हता. पाठीमागून येत होता... आतल्या खोलीच्या दारातून.

"चल. पोर वाट बघते."

ती कशी बाहेर पडली, तिला आठवत नाही. पोर्चमध्ये दिपिका पळत येताना दिसली. औषधांची गाडी आली म्हणून ती फाटकाशी अडकली होती. समीक्षाचं उघडं तोंड बघून ती जागीच थांबली.

"मॅडम, मी तर आता येतेय. तुमी कोणाच्या सांगण्यावरनं काढलंत?"

समीक्षानं नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

दिपिका किट घालून आत गेली. कमळू जागा होता, दाराकडे बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "गेली का तुमच्या बाईसंगं? मघाधरनं दारात उभी व्हती."

मास्क आतच निघाला होता. नियमाप्रमाणं समीक्षाला वेगळ्या खोलीत राहणं भाग होतं. धसई बंद. लेक बंद. तिनं रडत रडत आईला फोन लावला, आज येत नाही म्हणून सांगायला.

मावशीला काही उमगेना.

"येत नाय म्हंजे? आता तर येऊन गेलीस."

मावशी सांगत होती. ती चुलीपाशी होती. मनस्वी भुकेनं रडत होती. तेवढ्यात मागल्या दारानं पावलं वाजली, पाळणा कुरकुरला आणि पोर गप झाली. मावशीला वाटलं, समीक्षाच आली. भाकरी उतरवून बघायला गेली, तर पोर गाढ झोपलेली. ओठांवर दूध.

खर्डीहून धसई म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. आणि समीक्षाला तर आवारातूनही बाहेर पडता आलं नव्हतं.

पुण्याहून उत्तर आलं. ताप माणसाकडून माणसाला जाणाराच होता. समीक्षाचे वेगळ्या खोलीतले दिवस मात्र सुखरूप निघाले. कमळूही उठून पाड्यावर गेला. ती धावत धसईला आली, लेकीला उराशी धरलं...

मनस्वीनं तोंड फिरवलं.

रडली नाही, चिडली नाही. पोट भरलेलं लेकरू फिरवतं तसं फिरवलं. बाटलीही घेत नाही. अंगावर मात्र बाळसं असं धरलंय की शेजारणी कानशिलावर बोटं मोडतात. रोज दिवेलागणीला पाळणा आपोआप कुरकुरतो आणि थांबतो.

अंगारे झाले, दिवे ठेवून झाले, मागल्या दाराला कुलूप लावून झालं. काही फरक नाही.

शेवटी समीक्षानं तेच केलं जे तिला येतं. मी तेव्हा तिथंच होतो. पाळणा थांबल्याबरोबर तिनं कापसाच्या काडीवर लेकीच्या ओठांवरचं दूध टिपलं, नळीत घातलं, बूच लावलं. नळीवर चिठ्ठी असते. तिच्यावर लिहायचं असतं, नमुना कुणाचा. ती पेन धरून बसून राहिली. मावशी हळूच म्हणाली, "नको पाठवू गो. पोर जगतेय ना?"

समीक्षानं नळी डब्यात ठेवून दिली. मलाही तेच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती.

काल संध्याकाळी मनस्वीचं अंग गरम लागलं.

समीक्षानं कुणाला विचारलं नाही. डबा उघडला, चिठ्ठीवर गोदूचं नाव लिहिलं आणि लेकीला घेऊन मुंबईला निघाली. मुरबाडपर्यंत मीच सोडून आलो. गाडीत पोर तिच्या खांद्यावर शांत पडली होती, एकदाही रडली नाही.

अजून फोन आलेला नाही.