बिनबोटाची रेघ

"टाकी भरून वाहून राहिली! उठा की!"

यासेर गल्लीच्या तोंडाशी ओरडला आणि चिंचोक्यांचा डाव अर्ध्यावरच मोडला. अर्शी आणि उज्वला चपला न घालताच पळाल्या. त्यांच्याबरोबर खेळत बसलेले अर्शीचे आजोबा, जहांगीरनाना, मात्र क्षणभर जागेवरच राहिले. हातातला चिंचोका तसाच धरून ते पुटपुटले, "पण मी मोटर चालू केलीच न्हाई."

वडजांब हे मुखेड तालुक्यातलं लहानसं गाव. सातवीची परीक्षा संपली तशी अर्शी लातूरहून आजोळी आली होती. यासेर तिचा मामेभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तिच्याहून दुप्पट बोलका. उज्वला शेजारच्या घरातली. तिच्या वडिलांची शेती गावालगतच होती. कुठलीही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही, असा तिचा स्वभाव.

शाळेशेजारच्या टाकीवरून पाण्याची धार कोसळत होती. खाली गौरम्माआजींनी वाळत घातलेली लाल मिरची होती, म्हणजे आत्तापर्यंत होती. आता ती नालीच्या दिशेने निघाली होती आणि आजी ओचा खोवून तिच्यामागे धावत होत्या.

"वर्षाची मिरची हाय माझी," आजी म्हणाल्या, "अन् बघा कशी पोहून राहिली!"

यासेर घरी पळत जाऊन नानांचा फोन घेऊन आला. नानांनी एक रिंग दिली आणि थोड्या वेळाने धार थांबली.

गावाचं पाणी नाना सांभाळायचे. पाण्याची विहीर लांब ओढ्याकाठी होती. पूर्वी मोटर चालू करायला तिथवर चालत जावं लागे. मग ग्रामपंचायतीने मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला आणि नानांना एक जुना स्मार्टफोन दिला. त्या फोनवरून एक रिंग गेली की मोटर चालू, दुसरी गेली की बंद. नानांना बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून यासेरने फोन उघडताच समोर मोटरचं मोठं चित्र येईल अशी सोय केली होती. चित्राला बोट लावलं की थेट रिंग. कुलूप नाही, आकडे नाहीत.

एवढ्यात पाणी समितीचे अध्यक्ष लिंबाजीकाका आले. या आठवड्यात टाकी वाहण्याची ही पहिली खेप नव्हती. मे महिना होता, विहिरीचा तळ दिसत होता आणि इथे पाणी नालीत चाललं होतं. काकांनी नानांच्या हातातून फोन घेतला, आतल्या नोंदी उघडल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. याच फोनवरून मोटरला रिंग गेली होती.

नाना तेव्हा आमच्याबरोबर खेळत होते, असं अर्शीने सांगितलं. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खेळायला बसलेल्या पोरांना वेळेचं काय भान, असं म्हणून त्यांनी तिचं बोलणं बाजूला सारलं.

"उद्या ग्रामसभा हाय," ते म्हणाले. "फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊ. जहांगीरचाचा थकले आता. त्यांच्या ध्यानात राहत न्हाई, दुसरं काय."

रागावून बोलले असते तर नानांनी उत्तर दिलं असतं. पण काका कीव करत बोलले, आणि नाना फोन परत घेऊन घराकडे वळले.

रात्री जेवताना त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. अर्शीने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"लिंबाजी खरं बोलत असल, बेटा. माणूस म्हातारा झाला की केलेलं इसरतो. मीच बटण दाबत असन अन् मलाच ठाऊक नसल."

"पण तुम्ही तर आमच्याजवळ होतात, नाना."

"आज व्हतो. मागच्या वेळी?"

अर्शीने हातातला घास खाली ठेवला. फोन गेला तर गेला. पण नानांचा स्वतःवरचा भरवसा चालला होता, आणि तो परत कुठून आणायचा? उद्याच्या ग्रामसभेआधी काहीतरी करायलाच हवं होतं.

सकाळी तिघांनी पाळत ठेवली. फोन नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर चार्जिंगला लावलेला होता. कुणीतरी गुपचूप येऊन चित्र दाबून जातं, असा उज्वलाचा संशय होता. यासेर खिडकीबाहेर बसला, उज्वला दारात, अर्शी आत. एक कोंबडी तेवढी आत आली आणि यासेरने तिची कसून चौकशी केली.

मग लाईट गेली. पंखा थांबला, तिघं घामाघूम झाली, पण कुणी जागा सोडली नाही. बऱ्याच वेळाने लाईट आली. पंखा कुरकुरत फिरू लागला, चार्जिंग सुरू झाल्यामुळे फोनचा पडदा आपोआप उजळला, आणि अर्शी बघत असतानाच मोटरला रिंग गेली.

पेटीच्या हातभर अंतरातही कुणी नव्हतं.

यासेरने खिडकीतून आत उडी मारली आणि दुसरी रिंग देऊन मोटर बंद केली. त्याचा चेहरा उतरला होता. "आपा, ह्या फोनमध्ये जिन हाय."

"जिनाला आपल्याच टाकीचं पाणी कशाला लागतंय रे?" उज्वला म्हणाली. तिचं डोकं चालू होतं. "काल टाकी वाहायच्या थोडं आधीबी लाईट आलती. आमचा रेडिओ एकदम सुरू झालता, मला पक्कं आठवतंय."

अर्शी पेटीसमोर बसून राहिली. लातूरला तिच्या थोरल्या भावाचं, सद्दामभाईचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. फोन आपोआप चालतो अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की भाई आधी फोन खोलत नसे. तो सेटिंगमधलं एक लपलेलं पान उघडायचा.

तिने आधी नानांची परवानगी घेतली. फोन त्यांच्या जबाबदारीवर होता, आणि दुसऱ्याच्या फोनच्या सेटिंगला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो.

"कर बेटा," नाना म्हणाले. "याहून काय बिघडायचंय."

अर्शीने चार्जर काढला. मग विमानाचं चिन्ह दाबून फोनचं नेटवर्क बंद केलं, म्हणजे तपासताना चुकून मोटर चालू व्हायला नको. सेटिंगमध्ये अगदी खाली जाऊन तिने फोनची माहिती असलेलं पान उघडलं. तिथे 'बिल्ड नंबर' अशी एक ओळ होती. त्या ओळीवर ती बोट आपटू लागली.

"तिथं तर बटणच न्हाई," उज्वला म्हणाली.

"नुसती ओळ दिसते, पण सात वेळा दाबली की दार उघडतं."

चार-पाच वेळा झाल्यावर आता थोडंच उरलं आहे असं फोन स्वतःच सांगू लागला, आणि सातव्या वेळी 'तुम्ही आता डेव्हलपर आहात' अशी पट्टी आली. यासेरने लगेच गावात सगळ्यांना सांगायचं ठरवलं की त्याची आपा डेव्हलपर झाली.

हे लपवून का ठेवतात, असं उज्वलाने विचारलं. फोन बनवणारे आणि तपासणारे यांच्यासाठी ते पान असतं, अर्शीने समजावलं. त्यातली बटणं न समजता दाबली तर चांगला फोनही वेड्यासारखा वागतो. म्हणून भाई हवी तेवढीच बटणं हलवतो आणि काम झालं की होती तशी करून ठेवतो. पानावर कितीतरी नावं होती. अर्शीने त्यातली दोनच चालू केली, 'शो टॅप्स' आणि 'पॉइंटर लोकेशन'.

"आता पडद्याला जिथे बोट लागेल तिथे ठिपका दिसेल, आणि बोट फिरलं की मागे रेघ उमटेल. यासेर, फिरव."

यासेरने बोट फिरवलं. निळी रेघ उमटली. फोन खाली ठेवला तर काही नाही, पडदा स्वच्छ. मग अर्शीने चार्जर जोडला आणि तिघांनी हात पाठीमागे घेतले.

एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा पळू लागल्या, जणू अदृश्य माणूस घाईघाईने काहीतरी गिरवत होता. आणि त्यातला एक ठिपका बरोबर मोटरच्या चित्रावर येऊन थांबला.

"या अल्ला," यासेर म्हणाला.

उज्वलाचं मात्र समाधान झालं नव्हतं. फोन खराब की चार्जर, हे अजून कुठे ठरलंय, असं तिचं म्हणणं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला हवी. ती घरी जाऊन आपला चार्जर घेऊन आली. तोच फोन, तीच पेटी, तोच बोर्ड. चार्जर तेवढा दुसरा. तिघं डोळे ताणून बघत राहिली. एकही रेघ आली नाही. पहिला चार्जर पुन्हा लावला आणि रेघा पुन्हा नाचू लागल्या.

"चार्जर!" तिघं एकदमच म्हणाली.

पडद्याला बोट कळतं ते विजेच्या बारीकशा फरकावरून, अर्शीने सांगितलं. हलक्या चार्जरमधून वीज नीट येत नाही, आणि पडद्याला वाटतं की कुणी बोट लावलं. एरवी पडदा झोपलेला असतो, त्यामुळे काही होत नाही. पण लाईट येते, पडदा जागा होतो, आणि समोरच मोटरचं मोठं चित्र!

हा चार्जर आला कुठून, असं तिने नानांना विचारलं. नाना अगदी सहज म्हणाले, "लिंबाजीनं आणून दिला, मुखेडच्या बाजारातून. फोनसंगचा व्हता तो त्यानंच नेला. त्याचा बिघडला व्हता म्हणं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. सरपंच सिंधुताई खुर्चीवर बसल्या होत्या. नाना खांबाला टेकून, सगळ्यांच्या मागे. लिंबाजीकाकांनी पाणी किती मोलाचं आहे यावर लांबलचक भाषण केलं आणि शेवटी फोन काढून घेण्याची सूचना मांडली. एक-दोघांनी माना डोलावल्या.

अर्शी उभी राहिली. "सरपंचबाई, मोटर कोण चालू करतं ते आम्हाला सापडलंय. दाखवू का?"

"पोरांचा खेळ हाय का हा?" काका म्हणाले.

"बघायला काय जातंय?" सिंधुताई म्हणाल्या. "दाखव गं."

अर्शीने नेटवर्क पुन्हा चालू करून फोन एका स्टुलावर ठेवला आणि सगळ्यांना चार पावलं मागे सरायला सांगितलं. सिंधुताई आणि गौरम्माआजी पडदा दिसेल इतपत वाकून उभ्या राहिल्या. आम्ही काही हातचलाखी केली असं वाटायला नको, म्हणून चार्जर काकांनीच लावावा, असं ती म्हणाली. काकांनी ऐटीत तो शाळेच्या बोर्डात खुपसला आणि हाताची घडी घातली.

पडदा काळाच राहिला. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. मागे कुणीतरी हसलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला. अर्शीने घाबरून उज्वलाकडे पाहिलं, पण उज्वला बोर्डाकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "बोर्डाचं बटण दाबा की."

हशा पिकला. काकांनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि रेघा धावू लागल्या.

"कुणाचं बोट हाय हे?" गौरम्माआजींनी विचारलं. त्यांनी स्टुलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

तेवढ्यात मोटरच्या चित्रावर ठिपका पडला आणि सगळ्यांसमोर रिंग गेली. मग शेजारच्या टाकीत वरून पाणी पडू लागल्याचा आवाज आला, आधी गुळगुळ आणि मग धो धो.

सिंधुताईंनी मान वर केली. "जहांगीरचाचा, मोटर बंद करा."

नाना गर्दीतून पुढे आले. अर्शीने चार्जर काढला, नानांनी चित्रावर शांतपणे बोट ठेवलं आणि पाणी थांबलं.

उज्वलाच्या चार्जरने मात्र काहीच होत नाही, हेही मुलांनी करून दाखवलं. मग अर्शीने लिंबाजीकाकांना अगदी अदबीने विचारलं, की फोनसोबत आलेला चार्जर सध्या कुठे आहे?

काकांचा हात पुन्हा मिशीकडे गेला, पण वाटेतच थांबला. "माझ्या घरी हाय. आता चार्जर म्हंजी चार्जरच असतंय की. मला काय ठाऊक..."

"ठाऊक नव्हतं तर चाचांना बोल लावायच्या आधी इचारायचं होतं," सिंधुताई म्हणाल्या. "आत्ता जाऊन घेऊन या."

"अन् येताना दोन किलो मिरची बी," गौरम्माआजी म्हणाल्या. "वाळलेली."

काका निघाले. पण दोन पावलांवरून वळून ते नानांसमोर आले आणि खाली बघत म्हणाले, "चुकलं चाचा माझं." नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधी चार्जर आण, मग बोलू, असं म्हणून त्यांनी काकांना मोकळं केलं.

फोन नानांकडेच राहील, असं सभेत ठरलं आणि एकही हात विरोधात वर गेला नाही. सिंधुताईंनी तिघांना खुर्चीजवळ बोलावलं. "मोठी माणसं माणसावर संशय घेऊन मोकळी झाली. तुम्ही वस्तू तपासली. गावाचं पाणीबी वाचलं, अन् एका भल्या माणसाची अब्रूबी," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. यासेरने तर स्वतःसाठी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अर्शी ते लपलेलं पान बंद करायला बसली. नाना तिच्याशेजारी येऊन टेकले.

"थांब बेटा. मला एकदा बघू दे."

तिने फोन त्यांच्या पुढे धरला. नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पाण्याचे नळ फिरवून फिरवून जाड झालेलं आपलं बोट त्यांनी पडद्याच्या एका टोकाला टेकवलं आणि सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मागे निळी रेघ उमटली. सरळ, कुठेही न हललेली.

"ही माझी," नाना म्हणाले, आणि पुन्हा एकदा काढू का, म्हणून त्यांनी अर्शीला विचारलं.