खांदा सतरा

वंदना बावीस वर्षं शेणव्याच्या नाक्यावर ब्लाउज शिवत होती. शिकवलं कुणी नाही. जुने ब्लाउज उसवून उसवून शिकली. म्हणून माणसापेक्षा कपड्यावर तिचा विश्वास जास्त. बाई टेप लावली की पोट आत ओढते. मापाचा ब्लाउज खोटं बोलत नाही.

मुरबाडच्या भगीरथ सरांनी एक जुनं संगीत नाटक नव्या रूपात बसवलं होतं. पदं तीच, पण नायिका आता राजकन्या नव्हती, कारखान्याची मालकीण होती. "शालू नको, कोट हवा. पण शालूचाच," म्हणत त्यांनी जुन्या मंडळाच्या पेटीतलं गाठोडं आणून टाकलं. आत जांभळा शालू आणि एक ब्लाउज. नायिका दिपिका आटगावहून रोज ठाण्याला नोकरीला जायची. तिला कुठला टाइम? तिनेच मापाला ब्लाउज गाठोड्यात टाकून पाठवला असेल, असं धरून वंदनाने कोट बेतला. खांदा सतरा.

शुक्रवारी दिपिकाने तो घातला आणि हसत सुटली. "मावशी, यात माझी आय पण मावंल!"

सर ओशाळले. "तो ब्लाउज राघोचा हो. मंडळात नायिका तोच व्हायचा. या नाटकाच्या तालमी झाल्या, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी गेला बिचारा."

वंदनाने ब्लाउज उलटा करून पाहिला. हातशिलाईचे टाके उलट्या बाजूला कललेले. डावखुरा असणार.

तिने दिपिकाचं माप घेतलं, खांदा चौदा, आणि कोट आत घेतला. प्रयोग रविवारी शहापूरला. पोस्टरवर 'वेशभूषा' समोर पहिल्यांदाच तिचं नाव छापलं होतं. तेवढ्यासाठी मान मोडून शिवत होती.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं. खांदा सतरा. मशीनची शिवण उसवलेली, हाताने पुन्हा घातलेली. टाके उलट्या बाजूला कललेले.

डोळे दमलेत आपले, ती स्वतःला म्हणाली. पुन्हा आत घेतला, दुहेरी शिवण मारून. कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

रविवारी सकाळी सतरा.

शहापूरला निघायला अजून तासभर होता, पण अंगात त्राण नव्हतं. वंदना स्टुलावर बसली, कोट मांडीवर घेतला आणि हट्टी पोराला सांगावं तसं म्हणाली, "घे बाबा. तुज्या मापाचा तर तुज्या मापाचा. मी नाय आता आत घेत."

रंगपटात ती ओठांत टाचण्या धरून उभी राहिली. दिपिकाने कोट चढवला.

एकही टाचणी लागली नाही.

टाळ्या खूप पडल्या. म्हातारे रडले.

सोमवारी दिपिका दुकानात आली, भावाच्या लग्नाचा ब्लाउज टाकायला. वंदनाने टेप उचलली.

"टेप कशाला, मावशी? मापाचा ब्लाउज हाय ना तुमच्याकडं. तोच घ्या मापाला."

वंदनाने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. टेप परत गळ्यात अडकवली.

दिपिका स्टुलावर बसून प्रयोगाहून परत आलेल्या कोटाचं सैल बटण लावत होती. डाव्या हाताने.