रूपांतराचं उद्यापन

"आधी फडकं, मग पडदा. उलटं कधी करायचं नाही, पोरी."

दोर तपासायला शिकवणाऱ्या तांडेलकाकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी रोज पहाटे रज्जुमार्गाच्या खालच्या स्थानकात शिरताना दोर-निरीक्षक वैजयंती घोरपडेंना हे वाक्य ऐकू यायचं. आंघोळ, देवापुढे दिवा आणि मग हे. संथ फिरणाऱ्या पोलादी दोराभोवती त्या सुती फडकं सैलसर धरायच्या. दोर शाबूत असेल तर फडकं पाण्यासारखं सरकतं. एखादी तार तुटून वर आली असेल तर धागा अडकतो. सोळा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

आज दोराच्या सांध्यापाशी फडकं अडकलं नाही, उभं फाटलं.

त्यांनी लगेच पडद्यावर नोंद केली. उत्तर हिरव्या अक्षरांत आलं: 'नोंद अग्राह्य. निरीक्षकाची चूक. दोर उत्तम.'

मार्ग सुरू करायचा की नाही, हे प्रतिरूप ठरवायचं. प्रतिरूप म्हणजे संगणकात उभा केलेला हाच दोर, हेच खांब, हीच चाकं. नऊ वाजता त्याने मार्ग सुरू केला. दहा वाजता, चैत्री यात्रेच्या गर्दीत, चौदा पाळण्यांतून एकशे बारा माणसं तीनशे मीटर खोल दरीवर लोंबकळत होती.

"घोरपडेबाई, तुमच्या एका चिंधीसाठी मी यात्रेच्या दिवशी मार्ग बंद करू?" कंपनीचे मालक निनाद शेट्ये नियंत्रणकक्षात येरझाऱ्या घालत होते. "दोनशे संवेदक लावलेत आपण दोराला."

"चिंधी खोटं बोलत नाही, साहेब."

"आणि संवेदक बोलतात?"

"तेही बोलत नाहीत," डॉ. फरीदा मुजावर मान वर न करता म्हणाल्या. आठ वर्षांपूर्वी प्रतिरूप त्यांनीच घडवलं होतं. वैजयंतीबाईंचा फोन आल्यावर त्या तडक निघून आल्या होत्या. "मी त्यांची कच्ची नोंद काढली. पहाटेपासून सांध्याजवळचे सगळे संवेदक ओरडताहेत."

शेट्ये जागीच थांबले. "मग पडदा हिरवा कसा?"

"कारण प्रतिरूप ऐकत नाहीये. हे बघा. ते रोज दोन गोष्टी ताडून पाहतं: दोर कसा असेल हा स्वतःचा अंदाज, आणि दोर कसा आहे हे सांगणारे संवेदक. कुणावर किती विसंबायचं, हे ठरवणारा एक आकडा असतो. त्याला मी श्रवणांक म्हणते. अंदाज बरोबर ठरत गेला की त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतो आणि श्रवणांक उतरतो."

"मग यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. म्हणून तर दुसरा आकडा ठेवला होता: बदलाचा वाटा. जग रोज थोडं बदलतं, हे प्रतिरूपाने गृहीत धरावं म्हणून. तो शून्य असेल तर श्रवणांक उतरत उतरत शून्यावर जातो. गेल्या श्रावणात तो शून्यावर गेला."

"बदलाचा वाटा शून्य केला कुणी?"

फरीदा यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हळदकुंकू लावलेली पितळी पाटी होती: 'संगणकीय रूपांतर पूर्ण'. "चार वर्षांपूर्वी ती पाटी लावली, त्या दिवशी सत्यनारायण घातला होतात. तीर्थप्रसाद झाल्यावर तुम्हीच म्हणालात, 'काम पूर्ण झालं मॅडम, आता रोजची खुडबुड नको, बदल शून्य करा.' आणि मी केला. चूक माझीही आहे."

"तुमचं नंतर ठरवू. आधी ती माणसं," वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या.

शेट्येंचा हात लाल खटक्याकडे गेला.

"थांबा! एकदम थांबवलात तर हिसका सांध्यालाच बसेल," फरीदा ओरडल्या. त्यांनी बदलाचा वाटा पुन्हा भरला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग लालभडक. 'सांधा क्षीण. पूर्ण वेगात पुढची फेरी धोक्याची. अचानक थांबवू नये. रांगती गती सुचवली आहे.'

"आत्ता ऐकू आलं त्याला," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि मोठ्या चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताच्या खुणेनुसार फरीदा गती उतरवत होत्या. सांधा चाकावर आला. टण् करून एक तार तुटली. मग दुसरी. वैजयंतीबाईंचे ओठ हलत होते, उचललेला हात मात्र स्थिर होता. बोटभर, आणखी बोटभर. सांधा चाक ओलांडून गेला.

पुढे चाळीस मिनिटं पाळणे एकेक करून रिकामे होत होते. "यापेक्षा पायऱ्या चढलो असतो तर देव कधीच भेटला असता!" एक आजीबाई उतरता उतरता करवादल्या. वैजयंतीबाईंनी त्यांना हाताला धरून उतरवलं आणि वाकून नमस्कार केला. आजीबाई गोंधळल्याच.

शेवटचा पाळणा रिकामा झाल्यावर शेट्ये मटकन खुर्चीत बसले. "मॅडम, सगळं नव्याने करा. पण या वेळी कायमचं पूर्ण करून टाका."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"साहेब, व्रताचं उद्यापन असतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आंघोळीचं नसतं."

फरीदा अजून आकड्यांतच होत्या. "एक कोडं सुटत नाही. वाटा शून्य असला तरी दोर झिजताना दिसला असता, तर श्रवणांक इतका उतरला नसता. आठ वर्षांत एकही तार तुटली नाही?"

"तुटली की. चाळीसेक वेळा. फडकं अडकलं की मी तार आत खोचून टाकायची."

"नोंद?"

"घरातलं फाटलेलं शिवलं तर कुणी लिहून ठेवतं का?"

फरीदा खुर्चीला टेकल्या. "म्हणजे रोज तुम्ही दोर तरुण ठेवलात आणि प्रतिरूपाला वाटलं, हा दोर म्हाताराच होत नाही. बाई, ते तुमच्यामुळेच बरोबर ठरत राहिलं. आणि म्हणूनच बहिरं झालं."

वैजयंतीबाईंनी फाटक्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"हेच प्रतिरूप आपल्या सडेवाडीच्या रज्जुमार्गावरही बसवलंय ना?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी, याचीच नक्कल," शेट्ये म्हणाले. "पण तिथे तर पडदा कायम हिरवाच..." ते मध्येच थांबले.

"तिथे फडकं कोण लावतं?"

 शेट्येंनी घाईघाईने फोन उचलला. "सडेवाडी? पाळणे रिकामे करा. हळू, अगदी हळू."

तांडेलकाकांच्या शेवटच्या दुखण्यात वैजयंतीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता: आपला एकही दोर फडक्यावाचून राहणार नाही. त्यांनी कपाटातून नवं, धुतलेलं फडकं काढून पिशवीत ठेवलं. दाराशी जाऊन त्या परत फिरल्या, फरीदांपुढची नोंदी लिहायची पाटी उचलली आणि तीही पिशवीत घातली. मग चपला पायात सरकवून, आवाज न करता, त्या सडेवाडीच्या बसकडे निघाल्या.