पाकिटातली चिठ्ठी

आपण काय करणार हे कुणाला आधीच ठाऊक असेल, तर दोष आपला की त्याचा? प्रश्न मोठा गहन आहे बरं का! पण केतकीला तो सुचला, तो आपली कातडी वाचवायला.

तिचे आजोबा, म्हणजे आबा, शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत जाणता नावाचा यंत्रमानव होता. दिवसभरात कोण काय करील याचा अंदाज तो रोज सकाळी चिठ्ठीवर छापून पाकिटात बंद करी. संध्याकाळच्या चहाला आबा ते फोडत.

आज चिठ्ठीत होतं, 'केतकी खोटं बोलेल.'

केतकीचा चेहरा खर्रकन उतरला. मंगळावर पाठवायच्या शेवाळाची बरणी दुपारी तिच्याच हातून फुटली होती, आणि तिने बेधडक आपल्या मैत्रिणीचं, सकीनाचं नाव सांगितलं होतं. आबांनी सकीनाला प्रयोगशाळा बंद केली. ती बिचारी चपला घालून मुकाट्याने घरी गेली.

"जाणत्याला सकाळीच माहीत होतं, आबा. मग मी तरी वेगळं काय करणार होते?"

आबा रागावले नाहीत. त्यामुळे तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढचं सूर्यग्रहण कधी, हे मी गणित करून सांगतो. ते माझ्या गणितामुळे लागतं का?"

"नाही. चंद्र मध्ये येतो म्हणून."

"जाणता नुसता अंदाज बांधतो. पण समज, कुणापाशी सर्वज्ञता (झालेलं, चाललेलं, होणारं, सगळंच ठाऊक असणं) आहे. देवाबद्दल माणसं हाच प्रश्न फार पूर्वीपासून विचारत आली आहेत. सगळ्यांचं एकमत नाही, पण मला वाटतं ते असं. तू खोटं बोलणार होतीस, म्हणून त्याला ते कळलं. त्याला कळलं म्हणून तू बोललीस, असं नव्हे." मग ते खाली बघत म्हणाले, "आणि मीही सकीनाला एका शब्दानं विचारलं नाही. चल."

सकीनाच्या दारात केतकीची मान वर होईना. "बरणी मी फोडली."

"ठाऊक आहे. खिडकीतून पाहिलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतेस का, ते बघत होते."

केतकीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. सकीनाला सगळं ठाऊक होतं, आणि तरी खोटं केतकीचं एकटीचंच होतं.

आबांनी सकीनाची माफी मागितली. नवं शेवाळ वाढायला चाळीस दिवस लागतील, असंही सांगितलं.

"उद्या येते," सकीना म्हणाली. "पण बरणी मी धरणार."