थांबलेले ठिपके

जेवणं उरकली होती, पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती. वडवणीहून बीडला जाणाऱ्या बसला अजून अवकाश होता, म्हणून वैजिनाथ मागच्या खोलीत शिरला.

"अवो, आता कावून तिथं बसायलाव?" गंगासागर म्हणाली. "बस चुकली तर सुकन्या दवाखान्यात ताटकळंल. अन् मला एकटीला तर बसची पाटीबी दिसत न्हाई."

"तुला एकटीला सोडतो का? एक गाणं ऐकू दे, आलोच."

"तुमचं एक गाणं लई लांबतंय."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उद्या बीडला ऑपरेशन; लेक सुकन्या तिथं आधीच थांबली होती. भिंत चाचपत ती बाहेर गेली तेव्हा तिच्या हिरव्या बांगड्या चौकटीला घासून वाजल्या. पंख्याचा आवाज आत नको म्हणून वैजिनाथनं दार ओढून घेतलं.

रेकॉर्ड प्लेअर त्याच्या वडलांनी कापडाच्या दुकानात लावलेला. जुनी मोटर थेट विजेवर चालायची. ती काढून त्यानं बॅटरीवरची नवी बसवली होती, नवा पट्टा चढवला होता आणि वेग कमीजास्त करायला एक बटण जोडलं होतं. वेग तपासायची रीत सोपी. काळे ठिपके छापलेली कागदी चकती थाळीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली फिरवायची. वेग बरोबर असला की फिरते ठिपके जागच्या जागी उभे दिसतात.

ठिपके उभे राहिले. त्यानं तबकडी लावली, वर मधोमध चकती ठेवली, स्टुलावर बसून सुई टेकवली.

गाणारी बाई कुणी तरी दुसरीच होती. पातळ, घाईतली.

लहानपणी त्यानं हे गाणं फक्त बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी ऐकलं होतं. तेव्हा गावातल्या गिरण्या अन् दिवे एकदम चालू व्हायचे, विजेचा दाब पडायचा, मोटर दमायची. बाईचा आवाज दाट, जड व्हायचा. सगळ्या बाजाराला तोच आवाज खरा वाटायचा.

त्यानं बटण थोडं मागं फिरवलं. ठिपके उलटे सरकू लागले.

आणखी थोडं.

आली. तीच बाई. आवाजामागं कापड फाडल्याचा लांब आवाज, तागा आपटल्याचा, आणि वडलांचा खोकला. तबकडीवर हे कधी नव्हतं. वैजिनाथ हसला आणि त्यानं खाली बघितलं.

ठिपके उभे होते.

बटण तर तसंच मागं होतं. त्यानं ट्यूबकडं पाहिलं. ट्यूब मंद लुकलुकत होती. ती अशी कधी दिसत नसे.

दाराबाहेर बांगड्या वाजल्या. मूठभर ज्वारी पत्र्यावर सांडावी तशा.

"अवोबसआलीकीचलाहो"

चिमणीसारखा आवाज. कुणाचा ते कळायला त्याला वेळ लागला.

"आलो," तो म्हणाला. शब्द नेहमीसारखाच निघाला. पण तो पुरा होईतो दाराखालची उन्हाची रेघ विझली होती.

लागली.

विझली.

त्यानं बॅटरीची वायर उपटली. वायर मुठीत आली. थाळी फिरतच राहिली, गाणं चालूच राहिलं.

विझली. लागली. विझ

दार उघडलं. माणसं आली आणि गेली, उडत्या पाखरांच्या सावल्यांसारखी. चौघं स्टुलाजवळ वाकले, पांढऱ्या कापडातलं काहीतरी उचलून नेलं. वैजिनाथ स्टुलावरच बसलेला होता. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. तो उठू लागला. उठेपर्यंत खोलीत धूळ साचली, झाडली गेली, पुन्हा साचली.

गाणं संपत आलं होतं. एवढंच त्याला धरता आलं. गाणं संपलं की सुटेन.

शेवटची ओळ.

सुई मधल्या कोऱ्या भागात गेली आणि सगळ्याचा वेग खाली उतरला. बाहेर रस्त्यावरून एक जीप सावकाश गेली. कोंबडा आरवला, पुरता, कोंबड्यासारखा. समोर गंगासागर उभी होती. केस पांढरे, तरी तीच. दाराशी सुकन्या.

"आई, मोटर तरी बघ, वायरच न्हाई तिला. चालती कशी?"

"चालती खरी."

"रोज कावून लावतीस गं?"

"एक गाणं ऐकू दे म्हणले होते. मीच घाई केली." गंगासागरनं पदरानं प्लेअरवरची धूळ पुसली. "आता ऐकू दे त्यांना."

"गंगा," वैजिनाथ म्हणाला. म्हणणार होता. छातीत श्वास भरला होता, तोंड उघडलं होतं.

तिनं सुई उचलली. चाचपलं नाही. पहिल्याच वेळी ती तबकडीच्या कडेवर अचूक टेकवली. तिला आता नीट दिसत होतं. हात त्याच्या तोंडासमोरून गेला. मनगटात काही वाजलं नाही.

ठिपके उभे राहिले.