धूसर निळा माणूस

"दादा, एक सांगते, पण ओरडू नकोस हं," असं म्हणत तिनं त्याचं कोपर घट्ट धरलं. "मला त्या माणसाशी लग्न नाही करायचं. माणूस वाईट नाही रे... पण तो बोलायला लागला की मला जांभया येतात! आई इतकी खूश आहे ना, माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. तूच सांग तिला. सांगशील ना?"

ते कोपर दचकलं. मग स्थिर झालं.

"सांगितलं असतं," एक अनोळखी, मऊ आवाज म्हणाला, "पण तुमच्या आई माझं ऐकतील असं वाटत नाही. आमची ओळख नाही ना."

तिनं झटकन हात मागे घेतला. निळा टी-शर्ट होता, उंची होती, थोडे विस्कटलेले केसही होते... पण दादा नव्हता!

दोष उन्हाळ्याचा होता. शहर असं तापलं होतं की नळाखाली हात धरला तर भाजावं आणि डांबराला चपला चिकटाव्यात. रविवार आला की अर्धं शहर वॉटरपार्कात जाऊन पडायचं. दादाही आपल्या दोन्ही मुलींना आणि बहिणीला गाडीत कोंबून घेऊन आला होता. आणि बहिणीनं काय केलं होतं, तर चष्मा लॉकरमध्ये ठेवला होता. बाटलीच्या बुडासारखी भिंगं होती त्याची. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात दात घडवायची, तिथं त्या भिंगांचं कुणाला काही नव्हतं. पण पोहायच्या कपड्यांवर तो चष्मा? नको गं बाई! त्याच्याशिवाय मात्र सगळं जग दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखं व्हायचं.

"माफ करा," ती म्हणाली. "मागून अगदी दादासारखे दिसलात."

"मग आता पुढून बघा, म्हणजे पुन्हा चूक होणार नाही."

तिनं पुढून पाहिलं. एक निळा डाग, त्यावर एक गव्हाळ डाग. "हो... आता नाही होणार," ती ठामपणे म्हणाली.

दोघं रबरी ट्यूबमध्ये बसून तरंगत होते तो पाण्याचा संथ प्रवाह पार्कभर वळसे घेत फिरत होता. दोघांच्या ट्यूब एकमेकींना टेकून वाहत राहिल्या. उतरायची पायरी आली, गेली. कुणीच उतरलं नाही.

"तुम्ही करता काय?" तिनं विचारलं.

"कुत्र्यामांजरांचा डॉक्टर आहे."

"तरीच!"

"तरीच काय?"

"अचानक धरलं तरी किंचाळला नाहीत."

"अहो, तुम्ही नुसतं धरलंत," तो हसला. "चावला असतात तरी शांतच राहिलो असतो. सवय आहे."

ती इतकी हसली की नाकात पाणी गेलं.

तो आईबरोबर आला होता. म्हणजे आई त्याला घेऊन आली होती. नोकरी संपल्यापासून त्या बाईंना घसरगुंड्यांचं वेड लागलं होतं. दर रविवारी नवा वॉटरपार्क, आणि संध्याकाळी गाडीत बसून प्रत्येक घसरगुंडीला गुण द्यायच्या. "मी सामान सांभाळतो," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच पाण्यात उतरलो. ती बघा आई, त्या लाल घसरगुंडीवरून हात हलवतेय!"

तिला लाल असं काहीतरी दिसलं. तिनं त्या दिशेनं जोरात हात हलवला. "किती गोड आहेत!"

तो हलकेच म्हणाला, "एक सांगू? तुम्ही फार रोखून बघता हो... माणूस गडबडून जातो."

ती डोळे बारीक करून त्याचं नाक कुठं आहे ते शोधत होती. पण हे सांगायचं कसं? "सवय आहे," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली.

"आणि ते लग्नाचं... जे मला सांगितलंत, तेच जसंच्या तसं खऱ्या दादाला सांगा. छान सांगता तुम्ही."

तेवढ्यात तिच्या भाच्यांनी काठावरून तिचा हात ओढला. "आत्या, चल ना! लाटा सुरू झाल्या!" ती ट्यूबमधून जवळजवळ उलटलीच. मागून तो ओरडला, "पुढच्या रविवारी आम्ही टेकडीमागच्या पार्कात आहोत! आलात तर..." पुढचं लाटांच्या गलक्यात वाहून गेलं.

परतताना मुली मागच्या सीटवर झोपल्या, तेव्हा तिनं दादाला सांगितलं. जसंच्या तसं. जांभयांसकट.

दादानं गाडीच बाजूला घेतली. "अगं वेडे, मग इतके दिवस मूग गिळून का बसलीस? मलाही तो पसंत नव्हता! तू खूश आहेस म्हणून मी गप्प होतो. आईकडे मी बघतो."

आईनं थोडी आदळआपट केली, एक दिवस अबोला धरला, आणि मग स्वतःच म्हणाली, "खरं सांगू? मलाही त्याच्यासमोर पेंगच यायची." घरातल्या तिघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं.

पण तिच्या डोक्यात आता दुसरंच काही बसलं होतं. दात लावताना तो आवाज आठवायचा. एकदा तर तिनं वरची कवळी खालच्या साच्यावर बसवली. आणि मग एका दुपारी ध्यानात आलं... आवाज ठीक आहे, पण चेहरा? चेहरा कुठं पाहिलाय आपण त्याचा?

"पुन्हा वॉटरपार्क? तोही टेकडीमागचा?" दादा कळवळला. "माझी पाठ सोलून निघालीय गं!" पण भाच्या आत्याच्या बाजूनं होत्या, आणि त्यांच्यापुढे दादाचं काही चालत नसे.

या वेळी चष्मा डोळ्यांवर होता, मागून इलॅस्टिकनं बांधलेला. दिसू दे कशी दिसायची ती! पण पार्कात पाय ठेवला आणि तिचा धीरच सुटला. जिकडे पाहावं तिकडे उंच माणसं, विस्कटलेले केस. निळा टी-शर्ट आज त्यानं घातलाच असेल कशावरून? मग तिनं एक युक्ती काढली. तशा उंचीचा माणूस दिसला की जाऊन विचारायचं, "किती वाजले हो?" आवाज ऐकायचा, आणि पुढे.

एकाचा आवाज घोगरा होता, दुसऱ्याचा चिरका. एक जण म्हणाला, "बाई, पोहायच्या कपड्यांवर घड्याळ कोण घालतं?" छत्रीखाली बाकावर पिशव्या आणि टॉवेल घेऊन बसलेल्या एकानं तर तोंडही उघडलं नाही. समोरच्या खांबावरच्या मोठ्या घड्याळाकडे नुसतं बोट दाखवलं आणि मान फिरवली. काय घुम्या माणूस!

दुपार कलली. ती हिरमुसून भाच्यांबरोबर घसरगुंडीच्या जिन्यात रांगेत उभी राहिली. पुढे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, पोहायची टोपी तिरकी घातलेल्या आणि तरतरीत.

"ही घसरगुंडी नुसती दिखाऊ आहे," बाई तिला म्हणाल्या. "मागच्या रविवारची लाल होती, तिला तोड नाही. पण मला आज कशातच मजा येत नाहीये बघ. माझा मुलगा तिकडे तोंड पाडून बसलाय."

"का हो?"

"अगं, एक मुलगी. मागच्या रविवारी म्हणे पाण्यात तासभर गप्पा मारल्या, डोळ्यांत डोळे घालून. आठवडाभर हा शिट्ट्या वाजवत कुत्र्यांना इंजेक्शनं देत होता. आणि आज? तिकीट खिडकीपाशी हा तिच्याकडे बघून हसला, तर ती सरळ पुढे निघून गेली. वर मघाशी येऊन त्याला विचारते कशी... वाजले किती!"

तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. "ते... छत्रीखाली बसलेत का? पिशव्या घेऊन?"

बाईंनी तिच्याकडे वळून नीट पाहिलं. चष्म्याकडे, इलॅस्टिककडे, मग पुन्हा चष्म्याकडे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पळ! या मुलींना मी खाली आणते."

ती पळाली. रांगेतल्या सगळ्यांना ढकलत, "माफ करा, माफ करा" म्हणत, ओल्या जिन्यावरून उलटी खाली.

तो तसाच बसला होता. ती समोर जाऊन धापा टाकत उभी राहिली. "बोला काहीतरी."

त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं.

"नाही हो! बोला! काहीही बोला!"

"काय बोलू?" तो म्हणाला.

तोच! तोच तो मऊ आवाज. तिला हसू आलं, आणि मेलं रडूही आलं. "मला दिसत नाही हो! चष्म्याशिवाय मला काहीसुद्धा दिसत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलंच नाही... नुसतं ऐकलं. सकाळपासून मी अख्ख्या पार्काला वेळ विचारत फिरतेय, फक्त तुमच्यासाठी!"

तो बघतच राहिला. "म्हणजे ते रोखून बघणं..."

"नाक शोधत होते तुमचं."

"आणि मला वाटलं, तुम्ही त्या लग्नाला हो म्हणालात. म्हणून ओळख दाखवत नाही."

"ते केव्हाच संपलं. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला."

तो खांद्यांवरचा सगळा भार उतरावा तसा मागे टेकला आणि डोळे मिटून हसायला लागला. आता तिनं त्याला सावकाश पाहून घेतलं. नाक थोडं लांबच होतं. हनुवटीवर मांजराचा ताजा ओरखडा. कान उन्हानं लाल झालेले. आवाजावरून मनात रंगवलेल्या माणसासारखा तो मुळीच नव्हता... आणि तरी, हाच असायला हवा होता असं वाटत होतं.

"कसा आहे चेहरा?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं. "चालेल का?"

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. कुठलेही आढेवेढे न घेता, एका दमात.

त्यानं डोळे उघडले. कान आणखी लाल झाले.

"मलाही," तो म्हणाला. "मला तर तुम्ही कोपर धरलंत ना, तेव्हापासून..." वाक्य अर्धवटच राहिलं. त्यानं बाकावरचे टॉवेल उचलून मांडीवर घेतले, आईच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवून पाणी निपटून काढलं.

ती बसली.