तिजानी आजोबांची स्मरणिका

शुक्रवारच्या नमाजाआधी दुकान रिकामं झालं तर बेयाचं, नाहीतर मोबाईलवाल्याला भाड्यानं, असं मोंजीकाकांनी बजावलं होतं. म्हणून बुधवारी भर दुपारी, सगळं बुर्ज हलीम गाव खिडक्या लावून झोपलेलं असताना, बेया दुकानात साठलेल्या स्मरणिकांचे गठ्ठे हातगाडीवर लादत होती. तिला दुकानात स्कूटर-दुरुस्ती सुरू करायची होती. कॉलेज सोडल्यापासून मनासारखं जमलेलं ते एकच काम, आणि तेच घरातल्या एकाही म्हाताऱ्याला पटत नव्हतं.

स्मरणिका गावाच्या नऊशेव्या वर्षाची. समितीचे अध्यक्ष तिचे तिजानी आजोबा. म्हातारा बेरकी. प्रत्येक पानावर वर अल्लाचं नाव, खाली स्वतःचा फोटो. ते नाव असलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, पायदळी येऊ द्यायचा नाही. भिंतीच्या फटीत खोचायचा, ही गावाची रीत. नाव तरलं की फोटोही तरला! आत पानोपानी आजोबांचं भाषण. समारंभात ते निम्म्यावर आलं तेव्हा जेवणातलं कुसकुस गार होतंय म्हणून कुणीतरी माइक बंद केला. आजोबा खुर्चीत बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. लोक खूप रडले. पण आधी जेवले.

संध्याकाळपर्यंत बेयानं गावाच्या तटाची एकूण एक फट भरली. दुकान लख्ख झालं.

गुरुवारी दुपारी तट खाकरला.

बेया धावत गेली. डोक्यावर पावांची परात घेऊन खमैस बेकरीवाला भिंतीसमोर उभा, घामानं निथळत. मागे आणखी चौघे. उन्हात दमट चुन्याचा वास, आणि त्यात मिसळलेली आजोबांची तपकीर.

"काय झालं रे?"

"श्श... आजोबा बोलतायत."

"मग बोलू देत. तू चालायला लाग."

"मोठं माणूस बोलत असताना पाठ कशी फिरवू गं? केव्हाचा उभाय मी..."

भिंतीतून तोच संथ, घोगरा आवाज झिरपत होता. "...आणि बंधूंनो, इथे मला आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही..."

मोंजीकाका धापा टाकत आले. "कार्टे! सगळं उपस आणि दुकानात टाक परत!"

"म्हणजे दुकान गेलं माझं."

"गेलं तर गेलं! मेलेल्या माणसाला तुझ्यामुळे..."

"काका, माइक कुणी बंद केला होता?"

काकांनी चपलांकडे पाहिलं. "कुसकुस गार होत होतं," ते पुटपुटले.

"मग आता निम्म्यावर अडकलाय म्हातारा. संपवू दे त्याला. जा सगळे. मी ऐकते."

सगळे इतक्या चपळाईनं पांगले की एक पाव तिथेच पडला. बेया उलट्या खोक्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एका म्हाताऱ्याचं बोलणं न तोडता ऐकलं. सावली तिच्या पायांवरून सरकून गेली. आवाज बारीक होत गेला... आणि थांबला.

तिनं सुटकेनं टाळ्या वाजवल्या.

भिंतीच्या आतूनही टाळ्या वाजल्या. एका माणसाच्या नव्हेत. पुष्कळ हातांच्या... कोरड्या, हाडासारख्या. बेयाचे हात थांबले, आतल्या टाळ्या थांबल्या नाहीत.

मग आजोबा प्रेमानं म्हणाले, "आभारी आहे. आता आपली बेया दोन शब्द बोलेल..."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी खोकलं. कॉलेजात प्राचार्यांना तोंडावर गाढव म्हणणारी बेया खोक्यावरून उठून दोन पावलं मागे सरली.

"उ... उद्या!" एवढं कसंबसं म्हणून ती पळत सुटली.

शुक्रवारी सकाळी तट गप्प होता. काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "दुकान तुझं. आणि ते माइकचं... गावात बोलू नकोस."

बेयानं शटर वर केलं. झाडून काढलेल्या रिकाम्या फरशीवर एक माइक उभा होता, बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला. लाल दिवा चालू. वायर मागच्या भिंतीच्या, म्हणजे तटाच्याच, फटीत गेली होती.

ती पाहत असतानाच, आतून कुणीतरी ती वायर हळूच ओढून ताठ केली.